जुना बॉयलर घेताना लॅगिंग तपासा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत सायझिंग किंवा रंगाईचा कारखाना टाकताना भांडवल कमी पडले की आपले बांधव जुना बॉयलर घेतात. नळ्या, प्लेट, कागदपत्रे पाहून सौदा होतो. वरच्या लॅगिंगकडे मात्र लक्ष जात नाही. जुन्या बॉयलरच्या व वाफेच्या पाइपांच्या लॅगिंगमध्ये, तसेच दरवाजाच्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकते.

लॅगिंग फोडले, खरवडले की त्याचे बारीक तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. आजार बहुधा १५ ते ४० वर्षांनी दिसतो. म्हणूनच सुप्रीम कोर्टाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे ठेवण्याचा आदेश दिला.

नुसत्या नजरेने ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. बयाणा देण्यापूर्वी जाणकाराकडून नमुना काढून प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा. तोवर लॅगिंगला हात लावू नये, खाली पडलेला चुरा झाडू नये. ॲस्बेस्टॉस निघाले तर ते ओले करून, जाणकारांकडूनच काढून घ्यावे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. हा खर्च सौद्याच्या रकमेतून वजा करावा.

विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावे, मालातील ऐब लपवून विकणे जायज नाही. मजुराची जान ही मालकाकडे अमानत आहे.