डोकी मोजून पदकं येत नाहीत

2011च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या 43 लाखांच्या वर होती. अख्ख्या न्यूझीलंडची तेव्हा साधारण तेवढीच, 44 लाखांच्या आसपास. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमधून या चिमुकल्या देशाने दहा सुवर्णांसह 20 पदकं नेली. 140 कोटींच्या भारताला मिळाली सहा, त्यात सुवर्ण एकही नाही. पदकतक्त्यात आपण 71वे.

हे दुखणं एकट्या भारताचं नाही. बांगलादेशाला आजवर एकही ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही. नायजेरिया पॅरिसहून रिकाम्या हातांनी परतला. पाकिस्तानची झोळी एकट्या अर्शद नदीमच्या भाल्याने भरली. उलट जेमतेम 28 लाखांच्या जमैकाने सहा पदकं मिळवली.

अँड्र्यू बर्नार्ड आणि मेघन बुसे या अर्थतज्ज्ञांनी 2004 साली दाखवून दिलं की पदकांचा हिशेब लोकसंख्येइतकाच दरडोई उत्पन्नावरही ठरतो. 2008मध्ये अनिरुद्ध कृष्णा आणि एरिक हॅगलंड यांनी त्यापुढचा मुद्दा मांडला. देशात माणसं किती, यापेक्षा खेळापर्यंत पोचू शकणारी माणसं किती, हे महत्त्वाचं. ज्या पोराला पोटभर खायला नाही, ज्याच्या गावाला रस्ता नाही, ज्याला स्पर्धा कुठे असते हेच ठाऊक नाही, ते जनगणनेत असतं, स्पर्धेत नसतं.

पण एवढ्यावर आपली सुटका होत नाही. महाराष्ट्र गरीब राज्य नाही. लोकसंख्या हरियाणाच्या चौपटीहून जास्त. तरी पॅरिसच्या सहापैकी चार पदकं मनू भाकर, सरबजोत सिंग, नीरज चोप्रा आणि अमन सेहरावत या हरियाणाच्या खेळाडूंनी आणली. आपल्या वाट्याला आलं ते कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ. त्याआधीचं महाराष्ट्राचं वैयक्तिक पदक 1952चं, हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेलं. त्या प्रवासासाठी त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवलं होतं. एका पदकामागे एक घर गहाण, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

मग आपल्याकडची मेहनत जाते कुठे? कुस्तीच पाहा. सोलापूर जिल्ह्यात पैलवानांना तोटा नाही. नोव्हेंबर 2023मध्ये मोहोळच्या सिकंदर शेखने महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. या किताबाचा गट 86 ते 125 किलोंचा. जत्रेच्या फडातही शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती दांडग्या पैलवानांचीच लागते. साहजिकच वस्तादापासून घरच्यांपर्यंत सगळ्यांचा भर दूध, तूप, बदामाच्या खुराकावर आणि वजन वाढवण्यावर. आता भारताची ऑलिंपिकमधली कुस्तीची पदकं पाहा. खाशाबांपासून सुशीलकुमार, योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया ते अमन सेहरावतपर्यंत एकही पदक 66 किलोंच्या वरचं नाही. म्हणजे ज्या वजनात देशाला कधी पदक मिळालं नाही, तिथे आपण सगळ्यात मोठं इनाम लावतो. शिवाय जत्रेच्या मातीत सहसा चितपट केल्याशिवाय निकाल नाही, तर मॅटवर सहा मिनिटांत गुणांचा खेळ. दम, पकड, डाव टाकण्याची वेळ, सगळंच बदलतं. मातीत वाढलेला पोरगा विशीत मॅटवर उतरतो, तोवर हरियाणाचा पोरगा त्यावर दहा वर्षं घासून आलेला असतो. आणि पोरींसाठी गावच्या तालमीचं दार अजून पुरतं उघडलेलं नाही.

खो-खोत तर सोलापूर मातब्बर. 2025मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता. पण खो-खो ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे ते सगळं कसब पदकतक्त्यात शून्य धरलं जातं.

पळणाऱ्यांची गत तीच. पहाटे रस्त्यावर दिसणारी बरीच पोरं पोलीस भरतीसाठी 1600 मीटर पळतात. 5 मिनिटं 10 सेकंदांत अंतर कापलं की पूर्ण गुण, त्याहून वेगाने पळून काही मिळत नाही. पोरांचं चुकत नाही. घराला नोकरी हवी असते, आणि वेगाची कमाल मर्यादा भरतीनेच आखून दिलेली असते. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तिथे क्रॉसकंट्रीत पळाला, म्हणून स्टीपलचेसपर्यंत पोचला. नाहीतर तोही एक शिपाईच राहिला असता.

चीनलाही नुसत्या लोकसंख्येने तारलं नाही. टेबल टेनिस, डायव्हिंग, वेटलिफ्टिंग असे खेळ हेरून त्याने लहान वयातली मुलं त्यात घातली. ती सक्ती आपल्याला नको. पण निवड करायला हरकत काय?

त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. यंदाच्या यात्रेत गावोगावच्या यात्रा कमिट्यांनी एवढंच करावं: मॅट अंथरावी, 57 आणि 65 किलोंच्या कुस्त्या लावाव्यात, मुलींचीही एक जोड ठेवावी, आणि सगळ्यात मोठं इनाम याच कुस्त्यांना जाहीर करावं. इनाम जिथे असतं, तिथे तालीम आपोआप वळते.