कॉलेजात जाणे आणि कॉलेजात नाव घालणे

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या कचेरीपुढे दाखले नेणाऱ्यांची रांग लागते. पेढ्यांचे पुडे फिरतात, मुलांच्या पाठीवर थापा पडतात, आणि मग बोलणे ओघानेच पुढच्या शिक्षणावर येते. अलीकडे त्या बोलण्यात एक वाक्य आम्हांस वरचेवर ऐकू येऊ लागले आहे. "सर, क्लास ठरला आहे; कॉलेज काय, नावापुरतेच." हे वाक्य बोलणारे पालक निष्काळजी नसतात. उलट पोटाला चिमटा घेऊन त्यांनी क्लासची भली मोठी फी भरलेली असते. तरीही ते वाक्य ऐकून आमच्या मनास जे वाटते, ते या अंकाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे मांडावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम क्लासची बाजू पाहू. वैद्यकीचा अथवा अभियांत्रिकीचा मार्ग आज प्रवेशपरीक्षेच्या दारातूनच जातो, आणि त्या परीक्षेची तयारी करून देणारे शिक्षक आपल्या कामात निपुण असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याची गरज असेल त्याने क्लासला अवश्य जावे. आमचा आक्षेप निराळाच आहे. विद्यार्थ्याचे नाव एका कॉलेजच्या पटावर, देह दुसऱ्याच इमारतीत आणि हजेरी मात्र पूर्ण, असा जो व्यवहार चालतो, त्याचा पहिला धडा खोटेपणाचा असतो. व तो धडा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास आपणच फी भरून देतो. शुभवर्तमानातील ज्या चाकराने धन्याने दिलेली रक्कम जमिनीत पुरून ठेविली, त्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. पटावर नाव पुरून ठेवणाऱ्याची गत त्याहून फार वेगळी नव्हे.

शिवाय हा व्यवहार हिशेबातही बसत नाही. बारावीच्या राज्य मंडळाच्या परीक्षेत भौतिकी, रसायन व जीवशास्त्र या विषयांत शंभरापैकी 30 गुण प्रात्यक्षिकांचे असतात. ज्याने नळीत द्रव ओतून त्याचा रंग पालटताना स्वतः पाहिला नाही, त्याला ते गुण कोणी दयेने देईलही. परंतु पुढे वैद्यकीच्या किंवा तंत्राच्या शाळेत त्याच्या हातास जो कंप सुटेल तो कोणाच्या दयेने थांबणार नाही.

आपल्याकडे मूल कॉलेजात फार लवकर जाते, हीही एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. 1975 साली महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली. तत्पूर्वी शाळेची अकरा वर्षे पुरी करून मग विद्यार्थी कॉलेजची पायरी चढे. आता ती पायरी एक वर्ष अलीकडे आली. शाळेत घंटा होते, बाई वही तपासतात, गैरहजर राहिल्यास घरी निरोप जातो. कॉलेजात यांतले पुष्कळसे नाहीसे होते. प्राध्यापक व्याख्यान देऊन निघून जातात. तुम्हांस समजले की नाही हे विचारण्याचे काम तुमचे. हे स्वातंत्र्य प्रथमदर्शनी गोड लागते, आणि दिवाळीच्या सुमारास पहिल्या परीक्षेत त्याची खरी चव कळते.

आता कॉलेजात गेल्याने मिळते तरी काय? याचे उत्तर आम्ही आपल्या नाशकातूनच देऊ.

रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुळातून ख्रिस्ती झालेले मिशनरी. त्यांची कन्या कॉर्नेलिया सोराबजी हिचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी या नाशकातच झाला. मुलींनी लिहावे-वाचावे की नाही यावरच जेव्हा वाद चालत, त्या काळी ही मुलगी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाली. भोवती सगळे मुलगे. ती येताना दिसली की व्याख्यानाच्या खोलीचे दार तिच्या तोंडावर लावून घेण्यापर्यंत काहींची मजल जाई, असे तिने आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. घरी बसून पुस्तके वाचणे तिला सहज शक्य होते. घरात इंग्रजी होते, विद्या होती. तरी ती रोज त्या दारापर्यंत जात राहिली. पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन ती मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. त्या यशाबरोबर विलायतेस जाण्याची जी सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळावयाची, ती केवळ स्त्री म्हणून नाकारण्यात आली. मग काही काळ अहमदाबादेच्या गुजरात कॉलेजात तिने अध्यापन केले, आणि इंग्लंडातील हितचिंतकांनी वर्गणी करून उभ्या केलेल्या निधीवर 1889 साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात गेली. त्या निधीस हातभार लावणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईही होत्या.

तेथे तिने कायद्याचा अभ्यास आरंभिला. ऑल सोल्स कॉलेजच्या ग्रंथालयात तोवर कोणा स्त्रीस वाचक म्हणून प्रवेश नव्हता; तो 1890 साली तिला प्रथम मिळाला. 1892 साली बी.सी.एल. या कठीण परीक्षेस ती बसली. त्या परीक्षेस बसणारी ती पहिली स्त्री. परंतु विद्यापीठ स्त्रियांस पदवीच देत नसे! तो नियम 1920 साली पालटला, आणि परीक्षेनंतर तीस वर्षांनी, 1922 साली, पदवी तिच्या हाती पडली. पुढे 1924 साली कलकत्त्यास तिने रीतसर वकिली सुरू केली. पण मधली वर्षे ती स्वस्थ बसली नव्हती. पडद्यात राहणाऱ्या ज्या विधवांस व अनाथ वारसांस परपुरुष वकिलापुढे येता येत नसे, त्यांच्या मालमत्तेचा सल्लागार म्हणून 1904 पासून तिने बंगाल व आसपासच्या प्रांतांत काम केले आणि शेकडो स्त्रियांची गाऱ्हाणी दरबारी पोचविली. तिची राजकीय मते आम्हांस सगळीच पटतात असे नाही. पण तो विषय येथे नको.

ही हकीकत आम्ही विस्ताराने सांगितली, कारण परीक्षा हेच जर कॉलेजचे सारसर्वस्व असते, तर तीस वर्षे जिची पदवीच मिळाली नाही त्या परीक्षेचा तिला उपयोग काय झाला असता? उपयोग झाला तो ग्रंथालयाचा, गुरुजनांच्या सहवासाचा आणि आपल्याशी न पटणाऱ्या माणसांच्या घोळक्यात बसून आपले म्हणणे मांडण्याच्या सवयीचा.

निफाडास 1842 साली जन्मलेले महादेव गोविंद रानडे कोल्हापुराहून मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकावयास गेले, तेव्हा ते अवघे चौदा वर्षांचे होते. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या पहिल्या परीक्षेत 1862 साली जे चौघे उत्तीर्ण झाले, त्यांत ते एक व रामकृष्ण गोपाळ भांडारकर दुसरे. असे दोन सहाध्यायी एका बाकावर लाभणे, हे घरबसल्या होत नसते. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची तुलना इंग्रजांच्या कारभाराशी केली आणि ती प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांस न रुचल्याने काही काळ त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. याच ग्रँटसाहेबांविषयी रानड्यांच्या मनात पुढेही आदर राहिला, ही त्यातील खरी घेण्याजोगी गोष्ट.

त्या काळी नाशिककर मुलास पदवीसाठी पुण्या-मुंबईसच जावे लागे. प्रिन्सिपॉल टी. ए. कुलकर्णी यांनी 1918 साली स्थापिलेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने 1924 साली येथे कॉलेज काढले, तेच पुढे हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आले. आमच्या इंदिरानगरातून मुंबई नाका ओलांडून मुले ज्या कॉलेज रोडवर जातात, त्या रस्त्यास त्याचे नाव याच विद्येच्या घरामुळे मिळाले. (आज त्या रस्त्यावर पुस्तकांपेक्षा वडापाव व कॉफी अधिक खपते, ही तक्रार आम्ही तूर्त बाजूस ठेवितो.) याच कॉलेजात वि. वा. शिरवाडकर शिकले, आणि विद्यार्थिदशेतच, 1932 साली, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात सामील झाले. वसंत कानेटकरांनी याच कॉलेजात अध्यापन करीत नाटके लिहिली.

आता नव्याने कॉलेजात पाऊल टाकणाऱ्यांस चार व्यवहाराच्या गोष्टी. विषय निवडताना मित्र कोणीकडे चालला हे पाहू नका; मित्र वर्षभरात बदलतो, विषय बदलणे जड जाते. पहिल्या आठवड्यातच ग्रंथालयाचे कार्ड करून घ्या. व्याख्यानाची टिपणे स्वतःच्या हाताने काढा. दुसऱ्याच्या वहीचे मोबाईलवर छायाचित्र घेतले म्हणजे अभ्यास झाला, असे अनेकांस वाटते, व तो भ्रम परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत टिकतो. एक तरी प्राध्यापक असे शोधा, की ज्यांस तुमचे नाव ठाऊक आहे. अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी गिअरची दुचाकी चालविणे कायद्याने मना आहे. पालकांनी लाडाने किल्ली देऊ नये. शहर बस आहे, आणि बसमध्ये अर्धा तास वाचनास मिळतो.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून आलेली मुले तुमच्या शेजारी बसतील. वसतिगृहात राहून, कधी एक वेळ जेवून ती शिकत असतात. त्यांच्या बोलीस हसणारे आमच्या शाळेतून गेलेले असू नयेत. त्यांच्याशी मैत्री करा. भात कसा लावतात आणि पाणी कोठून आणतात हे त्यांच्याकडून समजून घ्या. तुम्हांस इंग्रजी सफाईने येत असेल तर ते त्यांस द्या. उलट ज्यांस इंग्रजी व्याख्यान पहिले दोन महिने कळत नाही, त्यांनी घाबरून जाऊ नये. रोज एक पान कोश हाती घेऊन वाचल्यास तिसऱ्या महिन्यात कान बसतो.

रॅगिंगच्या भीतीने काही मुली व मुले हबकून असतात. महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध कायदा आहे, तो शिक्षेस पात्र गुन्हा आहे. सोसू नका, घरी सांगा, प्राचार्यांस लेखी कळवा. आणि वर्षभराने तुम्ही वरच्या वर्गात जाल, तेव्हा हे परिच्छेद पुन्हा वाचा.

खर्चाविषयी पालकांस दोन शब्द. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने 2024 साली घेतला. मुलीचे शिक्षण थांबविण्यापूर्वी निदान याची चौकशी कॉलेजच्या कचेरीत करावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आहे. तीत विद्यार्थी ग्रंथालयात, बागेत, कचेरीत रोज काही तास काम करून आपला खर्च भागवितो. त्यात कमीपणा मानू नये. 2020 च्या राष्ट्रीय धोरणानुसार आता पदवीच्या अभ्यासक्रमात एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी अशी सोय झाली आहे. घरची अडचण आली तर शिक्षण मध्येच सोडल्याने सारे पाण्यात गेले, असे आता होत नाही. मिळविलेले श्रेयांक जमेस राहतात व पुन्हा येऊन पुढे चालता येते. परंतु हे श्रेयांक मोजतात ते तासांवर. व्याख्यानांचे पंधरा तास तेव्हा एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाचे तीस तास तेव्हा एक.

जे नोकरीमुळे अथवा घरच्या जबाबदारीमुळे खरोखरच रोज जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी 1989 पासून आपल्याच नाशकात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तेथे हजेरी खोटी मांडावी लागत नाही. घरी अभ्यास करावयाचा, ठरल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जावयाचे, हे उघड सांगून नाव घालता येते. दाखले नेताना हा मार्ग कोणास विचारावयाचा असेल, तर आमच्या कचेरीत माहिती ठेविली आहे. सकाळच्या प्रार्थनेनंतर केव्हाही यावे.