वेबसाइट बंद पडली, बिघाड मात्र पासवर्डात

हडपसरच्या आमच्या अभ्यासिकेत पुस्तकांच्या कपाटामागे एक जुना संगणक दिवसरात्र चालू असतो. त्यावर डेबियन लिनक्स आहे, अभ्यासिकेची वेबसाइट आहे आणि आमचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. ‘जीमेल फुकट असताना हा उद्योग कशाला?’ असे कार्यकर्ते विचारतात. शिष्यवृत्तीसाठी मुले वेबसाइटवरच्या फॉर्ममधून जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले आमच्याकडे जमा करतात. ती कागदपत्रे कुठे राहतात आणि कधी पुसली जातात, हे आपल्या हातात असावे एवढाच त्यामागचा विचार. मात्र स्वतःचा सर्व्हर बिघडला की दुरुस्त करणारेही आपणच असतो. गेल्या हिवाळ्यात ते चांगलेच कळले.

एका गुरुवारी सकाळी वेबसाइटवर लॉगिन होईना. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणे पुणेकरांना नवे नाही, त्यामुळे त्याचाच परिणाम असेल असे आम्ही धरून चाललो. संगणक तर चालू होता. मग सगळे करतात तेच केले, मशीन बंद करून पुन्हा चालू केले. आधी निदान मुखपृष्ठ दिसत होते. आता डेटाबेस उठायलाच तयार नव्हता आणि सगळेच बंद झाले.

दुपारी एका विद्यार्थिनीचा फोन आला. ‘जयभीम दादा, महाडीबीटीवरचा अर्ज कॉलेजने त्रुटीसाठी परत पाठवलाय असं मैत्रीण म्हणाली. तुमचा मेल तर आलाच नाही.’ हा मेल आम्ही दोन दिवसांपूर्वी 43 जणांना पाठवला होता. कॉलेजने दिलेल्या मुदतीचे तीन दिवस उरले होते. वेबसाइटचा प्रश्न तिथेच मागे पडला. यादी काढली आणि चौघांनी मिळून फोन लावायला घेतले. फोन लागला नाही त्यांच्या घरी दोघे जण मोटारसायकलवर गेले. सर्व्हर दुरुस्त होईपर्यंत माणसांचे काम थांबवायचे नसते.

इकडे आम्ही शेवटी जे पहिल्यांदा करायला हवे होते ते केले, म्हणजे लॉग वाचले. लिनक्सवरची प्रत्येक सेवा आपण काय केले आणि कुठे अडलो हे लिहून ठेवते. डेटाबेसच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिले होते, डिस्कवर जागा नाही. ‘डीएफ’ कमांड मात्र दाखवत होती की निम्म्याहून जास्त डिस्क रिकामी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि इथेच अनेक जण तासन्‌तास अडकतात.

ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. कपाटात जागा आहे, पण दाखल नोंदवहीची पानेच संपली. नोंद झाल्याशिवाय पुस्तक कपाटात ठेवायचे नाही हा नियम असेल, तर रिकाम्या कपाटाचा उपयोग नाही. लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाइल पद्धतीत प्रत्येक फाइलची अशी एक नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. डिस्क तयार करतानाच आयनोडची संख्या ठरते, साधारणपणे दर 16 केबीमागे एक. लॉग आणि मेल जिथे साठतात तो आमचा भाग 8 जीबीचा, म्हणजे सव्वापाच लाखांच्या आसपास नोंदी. फाइल दोन ओळींची असली तरी एक नोंद खातेच. ‘डीएफ’ला ‘-आय’ जोडून पाहिले तेव्हा उत्तर आले, 100 टक्के वापर.

एवढ्या फाइली आल्या कुठून? आमचा मेल सर्व्हर पोस्टफिक्स आहे. तो जायचा राहिलेला प्रत्येक मेल रांगेत स्वतंत्र फाइल म्हणून ठेवतो. ‘मेलक्यू’ कमांड दिली तर यादी संपेचना. अनोळखी पत्ते, इंग्रजीतल्या लॉटरीच्या जाहिराती, आणि पाठवणारा आमच्याच एका कार्यकर्त्याच्या खात्यातला! त्याने काही केले नव्हते. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये प्रत्येक मेलपुढे कोणत्या खात्याने लॉगिन केले ते लिहिलेले असते. तिथे हेच एक नाव पुन्हा पुन्हा दिसत होते, परदेशी आयपी पत्त्यांसह. त्याचा पासवर्ड होता स्वतःचे नाव आणि 123. इंटरनेटवर उघड्या असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर असे पासवर्ड यंत्राने दिवसरात्र चाचपले जातात. कोणी आपल्यावर डूख धरून बसलेले असते असे नाही.

आता साखळी जुळली. चोरलेल्या खात्यातून हजारो मेल निघाले. जीमेलने आधी 421 या आकड्याने उत्तर दिले. मेलच्या भाषेत 4 ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’, आणि 5 ने सुरू होणारा म्हणजे ‘येऊच नका’. 4 चे उत्तर मिळाले की पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, न बदललेल्या सेटिंगनुसार तब्बल 5 दिवस. तोपर्यंत पाठवणाऱ्याला काही कळवतही नाही. विद्यार्थ्यांचे मेल त्याच गर्दीत अडकले होते आणि ते पोहोचले असे आम्ही समजत होतो.

रांग पूर्ण रिकामी करायची एक कमांड आहे आणि तिच्यावर आमच्यातल्या एकाचा हात गेलाही होता. ती दिली असती तर विद्यार्थ्यांचे मेलही गेले असते. म्हणून आधी पोस्टफिक्स थांबवला, त्या खात्याचा पासवर्ड बदलला, मग फक्त त्या खात्यातून निघालेले मेल निवडून ‘पोस्टसुपर’ने काढले. आयनोड मोकळे झाले, डेटाबेस पहिल्याच प्रयत्नात उठला, वेबसाइट आली. म्हणजे वेबसाइटला काहीच झाले नव्हते.

मेलची गाडी मात्र रुळावर यायला आठवडा लागला. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवावा याची जाहीर यादी, आणि डीकेआयएम म्हणजे पाकिटावरचा शिक्का. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून यांपैकी किमान एक मागते, आणि दिवसाला 5000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडून दोन्ही, शिवाय डीमार्कसुद्धा. आमच्याकडे तिन्ही होते. पण स्पॅम आमच्याच सर्व्हरवरून, आमच्याच शिक्क्याने गेले होते, त्यामुळे या सोयींचा उपयोग उलटा झाला. आयपी पत्ता स्पॅमहाउसच्या यादीत गेला. तिथून नाव काढायची विनंती फुकट करता येते, पण आधी मूळ कारण दूर करायचे, नाहीतर नाव पुन्हा चढते. जीमेलला विनंती करून काही होत नाही, थोडे थोडे मेल पाठवत विश्वास परत मिळवावा लागतो.

43 पैकी 42 जणांच्या दुरुस्त्या वेळेत झाल्या. एक जण वीटभट्टीवर आईवडिलांकडे गेला होता, त्याचा फोन बंद होता. त्याच्या या वर्षीच्या फीसाठी आता आम्ही वर्गणी काढत आहोत.

नंतर आम्ही काय बदलले? वारंवार चुकीचा पासवर्ड देणारा आयपी अडवायला फेल2बॅन बसवले. एका खात्यातून तासाला किती मेल जावेत याला मर्यादा घातली. डिस्कची आणि आयनोडची तपासणी दर तासाला होते. तशी सूचना देणारी व्यवस्था आधीही होती, पण ती सूचना मेलने पाठवायची आणि तो मेल त्याच रांगेत अडकला होता! आता ती फोनवर दुसऱ्या मार्गाने येते. घरगुती इंटरनेटवर असा सर्व्हर उभारू पाहणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे, अशा कनेक्शनवर बाहेर जाणारे पोर्ट 25 बहुधा बंद असते आणि आयपीला उलट नाव, म्हणजे पीटीआर नोंद, लावता येत नाही. तिथे वेबसाइट घरी ठेवावी आणि मेल दुसऱ्या रिले सर्व्हरमार्फत पोर्ट 587 वरून पाठवावा.

आणखी एक गोष्ट लिहायला थोडी लाज वाटते. सर्व्हर उभारणारा मित्र नोकरीसाठी बेंगळुरूला गेला होता आणि मुख्य पासवर्ड फक्त त्याच्याकडे होता. त्या गुरुवारी त्याचा फोन लागेपर्यंत दीड तास गेला. आता पासवर्ड बंद पाकिटात कपाटात आहे. शेजारी एक वही आहे, तिच्यात प्रत्येक बिघाड, दिलेली कमांड आणि तारीख लिहिली जाते. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या दोन मुली दर रविवारी लॉग वाचायला बसतात. गेल्या महिन्यात त्यांनीच शोधले की वेबसाइटचे प्रमाणपत्र नवे झाले, पण मेल सर्व्हर जुनेच दाखवत होता. लेट्स एन्क्रिप्टचे आमचे प्रमाणपत्र 90 दिवसांचे असते, ते नवे झाले की मेल सेवाही रिलोड करावी लागते. ही ओळ वहीत आता त्यांच्या अक्षरात आहे.