लोह्याची मतदारयादी आणि कोयत्याचं पंचांग

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत नांदेड मतदारसंघात २६ एप्रिलला मतदान झालं. नांदेड जिल्ह्यातल्याच लोह्यात त्या दिवशी काहीच नव्हतं. लोहा-कंधारकरांच्या बोटाला शाई लागली ती ७ मेला, लातूरकरांबरोबर. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेसोबत नांदेड लोकसभेची पोटनिवडणूकही होती. शेजारच्या नायगाव-मुखेडच्या मतदाराने त्या दिवशी दोन मतं दिली, लोह्याच्या मतदाराने एकच. २००८च्या फेररचनेत लोहा हा ८८ क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ झाला आणि लोकसभेसाठी लातूरला जोडला गेला. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद दोन्ही नांदेडची, खासदार मात्र लातूरचा. त्यातही कंधार तालुक्यातली काही गावं लोह्यात नाहीत, मुखेडमध्ये मोडतात. म्हणजे एकाच तालुक्यातल्या दोन व्याह्यांची गावं वेगवेगळ्या खासदारांना मत देतात.

त्यामुळे इथं मतदारशिक्षण ‘मतदान हे पवित्र कर्तव्य आहे’ या फलकाने सुरू होऊन चालत नाही. आपलं नाव कुठल्या यादीत आहे, कुठल्या भागात आहे आणि ती यादी कुठल्या निवडणुकीला चालते, हे आधी सांगावं लागतं. मतदानाच्या दिवशीची रांग सगळ्यांना दिसते, फोटोही तिचेच छापून येतात. त्या रांगेच्या मागे जी यादी असते, तिच्याकडे मात्र नाव सापडलं नाही तरच लक्ष जातं. गावातली तरुण मंडळं, बचत गट, कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजना आणि निवृत्त गुरुजी यांनी खरं लक्ष घालायला हवं ते या यादीत.

मराठवाड्यात या यादीला जरा जास्तच मोल आहे. निजामाच्या राज्यात रयतेला मताधिकार ठाऊक नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं आणि चारच वर्षांच्या आत, १९५१-५२ला, इथला माणूस हैदराबाद राज्याचा मतदार म्हणून पेटीपाशी उभा राहिला. शेतावरचा सालगडी आणि गढीवरचा देशमुख एकाच यादीत, एकाखाली एक आले. देशभर त्या पहिल्या यादीत सुमारे १७ कोटी ३० लाख नावं होती. ती करताना एक अडचण आली. लाखो बायांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ठेवायच्या नाहीत असं ठरवलं आणि जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावं गळाली. त्यातल्या बहुतेक उत्तर भारतातल्या होत्या. सेन यांचा निर्णय कठोर होता, पण मला तो योग्य वाटतो. स्वतःच्या नावाशिवाय मत नाही, हे एकदा ठरलं की नाव सांगायला घरातूनच बळ द्यावं लागतं.

आता लोह्याच्या यादीचं एक पान हातात घेऊन बघू. प्रत्येक मतदाराचा एक चौकोन. त्यात अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. खेड्यातल्या पानांवर घर क्रमांकाच्या जागी बऱ्याचदा नुसती आडवी रेघ किंवा शून्य असतं. तांड्यावर एकाच नावाची आणि एकाच बापाच्या नावाची दोन माणसं निघाली की त्यांना वेगळं काढायला वय सोडून काही उरत नाही. अशा पानांचा मिळून एक ‘भाग’ होतो आणि एका भागाला एक मतदान केंद्र. एका केंद्रावर पूर्वी १५०० पर्यंत मतदार चालत, आता ती मर्यादा १२०० वर आणली आहे. हा भाग सांभाळणारा माणूस म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, सगळ्यांच्या तोंडी बीएलओ. तो बहुधा जिल्हा परिषदेचा शिक्षक असतो, नाहीतर अंगणवाडी सेविका, तलाठी किंवा ग्रामसेवक. स्वतःची नोकरी सांभाळून हे काम करायचं आणि वर्षाचं मानधन २०२५पर्यंत ६००० रुपये, त्यानंतर १२०००. एवढ्यात हजार-बाराशे माणसांचे जन्म-मरण, लग्न-स्थलांतर एकट्याने टिपायचं. शेजारपाजारच्यांनी हात दिल्याशिवाय ते होणं कठीणच.

अर्जांची ओळख थोडक्यात सांगतो. नवीन नावासाठी नमुना ६. नाव वगळायला किंवा नावाला हरकत घ्यायला नमुना ७. पत्ता बदलला, नावात चूक आहे, ओळखपत्र हरवलं, तर नमुना ८. यादी एरवी बंद होत नाही. निवडणूक जाहीर झाली तरी उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसापर्यंत तीत नाव चढू शकतं, फक्त छाननीला वेळ लागतो म्हणून अर्ज आधी गेलेला बरा. नाव परस्पर कापता येत नाही, नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. पदवीधर मतदारसंघाची तऱ्हा वेगळी आहे. तिथली यादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून ते या वेळी असतंच असं नाही. नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. मराठवाड्यातले कितीतरी पदवीधर एवढं ठाऊक नसल्यामुळे घरी राहतात.

आता मूळ दुखण्याकडे येतो. माळाकोळीकडचा भाग बालाघाटच्या डोंगरात येतो. जमीन हलकी, खरिपाच्या एका पिकावर वर्ष निघत नाही. लोहा, कंधार, मुखेड या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. आषाढ-श्रावणात मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची, दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवायचं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणून घरातून दोघंही जातात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात, कधी तीही नाहीत.

आणि यादीचं वर्ष कसं असतं? प्रारूप यादी साधारणपणे नोव्हेंबरच्या आसपास लागते. हरकती, दावे, शनिवार-रविवारची विशेष शिबिरं त्याच दिवसांत. अंतिम यादी जानेवारीच्या सुरुवातीला आणि २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन. निवडणूक आयोगाची स्थापना १९५०मध्ये त्या तारखेला झाली म्हणून २०११पासून तो साजरा होतो. शाळेत शपथ होते, प्रभातफेरी निघते. टोळी तेव्हा उसाच्या फडात असते. ज्यांची नोंद सगळ्यांत कच्ची, तीच माणसं नोंदणीच्या दिवसांत गावात नसतात. बीएलओ पडताळणीला येतो, दाराला कुलूप बघतो, शेजारी विचारतो. शेजारी सांगतो, ‘गेलेत की बा कारखान्याला.’ तेवढ्यावर नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडू शकतो. मग नोटीस निघते, तीही त्याच कुलपाला लागते.

कायदा काय म्हणतो ते गावाला ठाऊक असतं तर ही वेळ आली नसती. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटलंय की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं सर्वसाधारण रहिवासाचं ठिकाण सुटत नाही. चार-पाच महिने फडावर गेलेला माणूस लोह्याचाच रहिवासी राहतो. माझ्या मते या तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हे एक वाक्य रंगवलेलं असावं. ज्या घराला कुलूप आहे त्याच्या वतीने ‘हे तात्पुरते गेलेत, पाडव्याला येतील’ असं बीएलओला सांगणारा आणि गरज पडली तर लेखी देणारा एक माणूस प्रत्येक वस्तीवर हवा. मंडळांनी हे काम घ्यावं. ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं देण्यासाठी ग्रामसेवकांकडून नोंदी करायचं राज्याने ठरवलं आहे. ती नोंद आणि मतदारयादी शेजारी ठेवून वाचली की कुणाचं नाव धोक्यात आहे ते तासाभरात कळतं.

सुदैवाने २०२२पासून एक दार उघडलं आहे. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीला वर्षभर थांबावं लागे. कायदा बदलला आणि १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. सतरा पूर्ण झालेल्यांना अर्ज आधीच देऊन ठेवता येतो. लोह्याच्या डोंगरपट्ट्यासाठी यातल्या जुलै आणि ऑक्टोबरच्या तारखा सोन्यासारख्या आहेत, कारण टोळ्या तेव्हा घरी असतात. उचलीचे व्यवहार सुरू असतात, लग्नसराई उरकलेली असते, नव्या सुना घरात आलेल्या असतात. नोंदणीचा जोर आषाढ-श्रावणात लावला आणि नोव्हेंबरचं शिबिर फक्त तपासणीला ठेवलं, तर निम्मं दुखणं बरं होईल. मतदानाची तारीख काही गावाच्या हाती नसते. २०२४ला गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला आणि मतदान २० नोव्हेंबरला, हा पेच सगळ्या ऊसतोडी जिल्ह्यांनी पाहिला. पण यादीत नाव असणं तरी गावाच्या हातात आहे.

सुनांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मुलगी माहेरी अठराची होते, तिथं नाव चढतं किंवा चढायच्या आधीच लग्न होतं. सासरी आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. शाळेच्या टीसीवर एक नाव, आधारवर दुसरं, रेशनकार्डात अजून घातलेलंच नाही. शिबिरात ती नवऱ्याच्या मागे उभी असते.

‘नाव काय बाई?’
‘लिहा की मालकाचं.’
‘मालकाचं हाय यादीत. तुमचं पायजे.’
‘कंचं सांगू? तिकडचं का इकडचं?’

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर घाईत द्यायचं नसतं. माहेरच्या यादीत नाव असेल तर नमुना ६ भरायचा नाही, नमुना ८ भरून ते सासरी आणायचं. एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी असणं कायद्याला मान्य नाही आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नाव कुठंच नसेल तर नमुना ६, सोबत घरातल्या मतदाराचा म्हणजे नवऱ्याचा किंवा सासूचा ओळखपत्र क्रमांक आणि कागदोपत्री जे नाव पुढे चालवायचं ठरलंय तेच नाव. ते ठरवण्याचा अधिकार तिचा आहे, सासूचा किंवा अर्ज भरणाऱ्या पोराचा नाही. बचत गटाच्या बैठकीत हे जसं बोलता येतं तसं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येत नाही. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईला गल्लीतली प्रत्येक नवी सून माहीत असते. म्हणून नोंदणीचं निम्मं काम बचत गटांकडे असावं, असं मी ठामपणे म्हणतो.

भटक्या आणि बेघर माणसांनाही लोक कागदावरून अडवतात. ‘आम्ही हितंच ऱ्हातो, पुरावा कामून मागायलाव?’ ही तक्रार खरी आहे. बेघर माणसाच्या अर्जाबाबत आयोगाची सूचना अशी की बीएलओने रात्री त्या जागी जाऊन तो माणूस तिथं झोपतो का हे पाहावं, एकाहून जास्त रात्री पाहावं. तसं दिसलं तर पत्त्याचा वेगळा कागद लागत नाही. पालावरच्या कुटुंबाला ही सूचना कळावी तरी कशी? कुणीतरी पालावर जाऊन सांगायला हवी.

मंडळांनी एक शिस्त पाळायला हवी. उत्साहाच्या भरात पोरं दोनशे अर्ज गोळा करतात आणि गठ्ठा तहसीलला नेऊन देतात. गठ्ठ्याने अर्ज घेत नाहीत. एका कुटुंबाचे एकत्र चालतात. पक्षाच्या नेमलेल्या प्रतिनिधीलाही दिवसाला दहाची मर्यादा आहे. हा नियम मला पटतो. दुसऱ्याच्या नावाचा गठ्ठा फिरवणाऱ्या हातांना लगाम हवाच. मंडळाचं खरं काम अर्ज वाहण्याचं नाहीच. माणूस आणि बीएलओ यांची गाठ घालून देणं, कागद जुळवून देणं आणि अर्जाचा संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवून नाव चढेपर्यंत पाठपुरावा करणं, हे त्यांचं काम. ती वही कुठल्याही फलकापेक्षा मोलाची.

दुसरं काम चावडीवाचनाचं. २०२१च्या नोव्हेंबरात राज्यभर विशेष ग्रामसभा घेऊन मतदारयादी मोठ्याने वाचायचं ठरलं होतं. ही पद्धत दरवर्षी, टोळ्या गावात असताना चालू ठेवण्यासारखी आहे. नाव वाचलं जातं, सभेतून आवाज येतो, ‘ते वारले दोन साल झाले’, ‘तिला उदगीरला दिली’, ‘हे पोरगं पुण्याला ऱ्हातंय पण नाव ठेवा, येतंय मतदानाला’. या शेवटच्या आवाजापाशी थांबून गावाला समजावता येतं की पुण्यात कायमचं बिऱ्हाड केलेल्या पोराचं नाव पुण्यात हवं आणि फडावर गेलेल्याचं इथं. दोघांत फरक काय, हे तिथल्या तिथं कळतं. नागरिकशास्त्राचा एवढा चांगला तास शाळेत होत नाही.

याच यादीवर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि लोहा नगरपालिकाही निवडली जाते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. राज्य निवडणूक आयोग वेगळी यादी करत नाही. विधानसभेची यादी घेतो आणि प्रभाग, गण, गट असे तिचे तुकडे करतो. तुकडे करताना नाव चुकीच्या प्रभागात गेलं तर हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात, पण मूळ यादीतच नाव नसेल तर तिथं नव्याने घालता येत नाही. ग्रामपंचायतीत दहा-वीस मतांवर निकाल फिरतात. पाणी कुठल्या वस्तीला आधी मिळणार, हे ज्या निवडणुकीत ठरतं, तिची यादी विधानसभेच्या यादीतूनच आलेली असते.

कंधारच्या या मुलखाला लोकशिक्षण नवं नाही. केशवराव धोंडगे इथून अनेकदा आमदार झाले, १९७७ला नांदेडचे खासदार झाले आणि त्यांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्थेच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द घातला. या भागातली सभा ऐकणारी आणि सभेत उठून विचारणारी माणसं त्या काळात तयार झाली. त्यांची नातवंडं आज लोह्याच्या संत गाडगे महाराज महाविद्यालयात, कंधारच्या कॉलेजांत शिकतायत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात ती गावात मुक्कामाला जातात, सकाळी रस्ता झाडतात, संध्याकाळी पथनाट्य करतात. त्यातला एक अख्खा दिवस यादीचा एकच भाग घेऊन घरोघर फिरण्याला द्यावा. संध्याकाळी बीएलओ गुरुजींना सोबत बसवून कुलूपबंद घरांची, नव्या सुनांची आणि सतरा पूर्ण झालेल्या पोरांची अशा तीन याद्या लिहाव्यात. हे शिबिर हिवाळ्यात आलं तर कुलूपबंद घरं मोजता येतील, पावसाळ्यात आलं तर त्याच घरातल्या माणसांना भेटता येईल. दोन्ही वेळी जाता आलं तर फारच उत्तम, वही तीच ठेवावी.