दोरूच्या द्राक्षमळ्यांतून पायी

कुठे : उत्तर पोर्तुगालमधलं दोरू नदीचं खोरं. पोर्ट वाइनचं हे माहेर. 1756 साली या प्रदेशाच्या सीमा ठरवायचा निर्णय झाला आणि पुढच्या काही वर्षांत ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले. 2001पासून आल्तो दोरू हा इथला भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

पायाखाली : पापुद्र्यांसारखा सुटणारा शिस्ट दगड. तो फोडून माणसांनी हातांनी बांध रचले आणि डोंगरउतारांवर मळ्यांचे टप्पे उभे केले. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा किडीने वेली मारल्या. तेव्हा ओस पडलेले काही टप्पे आजही वाटेत दिसतात.

सुरुवात : पोर्तोहून रेल्वेने पिन्यांव. स्थानकाच्या भिंतींवर 1937च्या निळ्या फरशीचित्रांत द्राक्षतोडणीची दृश्यं आहेत. तिथून काझाल द लोइवुश गावाकडे खडी चढण आहे. वरून नदीचं वळण दिसतं.

वाटेच्या खुणा : पिवळ्या-लाल रंगाचे दोन समांतर पट्टे म्हणजे वाट बरोबर. त्याच रंगांची फुली दिसली, की मागे फिरा.

कधी : एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी असते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि मळ्यांत सावली मिळत नाही.

सोबत : भरपूर पाणी, टोपी, घट्ट पकडीचे बूट.

ध्यानात ठेवा : बऱ्याच वाटा खासगी मळ्यांमधून जातात. घड तोडू नका, दगडी बांधांवर चढू नका. त्यांतला एकेक दगड कुणीतरी हाताने रचलेला आहे.