तबकडीची कुठली बाजू जपायची?

सीडी टेबलावर ठेवताना आपण सगळेच चकचकीत बाजू वर करून ठेवतो. छापील बाजू घासली तर घासली. ही काळजी नेमकी उलटी आहे. चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट असतं. वाचणारा लेझर या प्लास्टिकच्या पार पलीकडच्या टोकाला केंद्रित होतो, त्यामुळे अलीकडच्या पृष्ठभागावरचा बारीक चरा त्याला धूसरच दिसतो. फार खोल नसेल तर तो चरा घासून गुळगुळीतही करता येतो. माहिती असते ती लेबलाच्या बाजूला. तिथे रंगद्रव्याचा एक थर, त्यावर धातूचा चकाकता थर आणि सर्वांत वर केसाहूनही पातळ लॅकरचा मुलामा, बस. त्यावर बॉलपेनने जोर देऊन 'बारसं २००४' लिहिलं, की बारशाचे काही फोटो तिथेच संपण्याची शक्यता.

हे आत्ता सांगण्याचं कारण म्हणजे ही सगळी व्यवस्था आपल्या डोळ्यांसमोर आवरली जाते आहे. पॅनासॉनिकने २०२३ साली राईट करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये. नव्या लॅपटॉपमधून डिस्कचा ड्राइव्ह कधीच गेला. आणि आपल्या घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात सीडींचे डबे अजून आहेत: स्कॅन केलेले फोटो, प्रबंधाचा मसुदा, पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याची सहल, लग्न. 'बॅकअप घेतलाय' म्हणून निर्धास्तपणे ठेवलेलं हे सगळं आता बहुतेक ठिकाणी एकमेव प्रत होऊन बसलं आहे, कारण मूळ संगणक भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली.

सोनी आणि फिलिप्सने १९८२ साली आणलेली गाण्यांची सीडी साच्यातून छापून निघते. तिच्यावर खरोखरचे सूक्ष्म खळगे असतात. घरी राईट होणाऱ्या सीडी-आरवर खळगे नसतात. कोऱ्या तबकडीवर आतून बाहेर जाणारी एक नागमोडी सर्पिल चर आधीच कोरलेली असते, उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब. ७८० नॅनोमीटरचा लेझर या चरीतलं सेंद्रिय रंगद्रव्य जागोजागी तापवतो. तापलेल्या ठिकाणी प्रकाश कमी परततो आणि वाचणाऱ्या ड्राइव्हला ते ठिकाण खळग्यासारखंच वाटतं. थोडक्यात, आपले फोटो एका रंगाच्या भरवशावर आहेत, आणि रंग उन्हाने उडतो. सगळे रंग सारखे उडत नाहीत. सीडी-आर प्रथम घडवणाऱ्या जपानच्या तैयो युडेन कंपनीने सायनिन वापरलं. ते उजेडाला हळवं. नंतरचं थॅलोसायनिन बरंच टिकाऊ, दिसायला जवळपास रंगहीन. मित्सुबिशी केमिकलचं अझो गडद निळं. व्हर्बॅटिमच्या सीडींचा तो निळा रंग पुष्कळांना आठवत असेल.

आपल्याकडे मात्र आठवतं ते मोझर बेअर हे नाव. परदेशी वाटणारी ही कंपनी दिल्लीची. दीपक पुरींनी १९८३ साली सुरू केलेली, आधी फ्लॉपी बनवणारी आणि १९९९ पासून सीडी-आर. नोएडा परिसरातल्या कारखान्यांच्या बळावर ती जगातल्या सर्वांत मोठ्या डिस्क-उत्पादकांपैकी एक झाली. पुढे सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना विकून तिने पायरसीवाल्यांनाही घाम फोडला. २०१८ साली ती अवसायनात गेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तिच्या सीडींच्या शेजारीच बिननावाच्या सीडींचे पन्नास-पन्नासचे डबे असायचे, आणि चार पैसे वाचवायला आपण तेच उचलायचो. नाव असलेल्या डब्यातला माल तरी एकाच कारखान्याचा असेल याची खात्री नव्हती. डिस्कवर कारखान्याची ओळख सांगणारी खूण यंत्राला वाचता येईल अशी नोंदलेली असते. ती दाखवणारे मोफत प्रोग्रॅम आहेत. डब्यावरच्या नावापेक्षा त्या खुणेवर विश्वास ठेवावा.

सीडी सडते तेव्हा ते लगेच कळत का नाही, हा यातला सर्वांत गमतीचा, आणि माझ्या मते सर्वांत घातक, भाग. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९६० साली चुका दुरुस्त करणारी एक सांकेतिक पद्धत मांडली. सीडीत ती वापरताना माहितीचे तुकडे दूरदूर विखरून ठेवले, सोबत हिशेबाचे जादा आकडे दिले. त्यामुळे मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग पट्टा पुसला गेला तरी हरवलेला मजकूर गणिताने परत उभा राहतो. फाइलींच्या सीडीत यावर आणखी एक संरक्षण असतं: दर २३५२ बाइटपैकी २०४८ च आपल्या वाट्याला येतात, उरलेल्यांतला बहुतेक भाग चुका पकडण्यात आणि दुरुस्त करण्यात जातो. याचा परिणाम असा, की रंग वर्षानुवर्षं फिका होत राहतो, ड्राइव्ह आत दुरुस्त्या करत राहतो आणि पडद्यावर फोटो लख्ख दिसतो. दुरुस्तीची ताकद संपली, की त्याच फोटोच्या जागी एरर. मधली अवस्था साध्या वापरात दिसतच नाही. म्हणून 'मागच्या वर्षी तर चालत होती' या वाक्याला काही अर्थ नाही.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ साली डिस्क जपण्यासाठी मार्गदर्शिका काढली. तापमान ४ ते २० अंश, सापेक्ष आर्द्रता २० ते ५० टक्के. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलै महिन्यात आर्द्रता ८० च्या वर असते, त्यामुळे हा सल्ला वाचून हसूच येतं. ओलाव्याने धातूचा थर काळवंडतो. इतकंच कशाला, मध्य अमेरिकेतल्या दमट बेलीझमधून आणलेल्या एका सीडीत कडेने बुरशी शिरून तिने प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम दोन्ही पोखरल्याचं माद्रिदच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं. हवामान बदलता येत नसेल तर निदान कागदी पाकिटं टाकून द्यावीत. ती दमटपणा धरून ठेवतात. कडक डबी, उभी ठेवलेली, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात.

डीव्हीडीची रचना वेगळी. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या आणि माहिती त्यांच्या मधोमध, म्हणजे लेबलाच्या बाजूचा धोका इथे टळला. त्याऐवजी डिंकाची काळजी आली. डबीतून वाकवून ओढून काढलेल्या डीव्हीडीच्या चकत्या सुटू लागतात. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा लेझर इतका बारीक केंद्रित होतो, की माहिती खालच्या पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणावी लागली. तेव्हा सीडी असेल तर वरची बाजू जपा, डीव्हीडी वाकवू नका, आणि ब्लू-रेची मात्र खरोखर खालची बाजू सांभाळा. तिच्यावर कठीण लेप असतो, पण तो गेला की काही खरं नाही.

ब्लू-रेची जमेची बाजू म्हणजे तिच्या बहुतेक राईट करता येणाऱ्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंग नसतो, असेंद्रिय थर असतो. एका डिस्कवर २५ जीबी, मोठ्यांवर १२८ पर्यंत. याच वाटेने अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मिलेनियाटा कंपनीने एम-डिस्क आणली आणि ती हजार वर्षं टिकेल असा दावा केला. कंपनी स्वतः २०१६ साली दिवाळखोरीत गेली. डिस्क व्हर्बॅटिमच्या नावाने अजून मिळते आणि ती वाईट नाही. प्रश्न तबकडीचा नाहीच. बीबीसीने १९८६ साली ब्रिटनचं लोकजीवन लेझरडिस्कवर नोंदवलं होतं. तबकड्या धडधाकट होत्या, पण पुढे त्या वाचणारी यंत्रं आणि संगणक मिळेनात. मराठीत याची एक घरगुती आवृत्ती आहे. २००० च्या आसपास श्रीलिपीसारख्या फॉण्टात टाइप केलेली फाइल सीडीवरून सुखरूप उतरते, उघडली की पडद्यावर इंग्रजी चिन्हांचा चिवडा. युनिकोडपूर्वीचा तो फॉण्ट किंवा रूपांतर करणारं साधन शोधणं हे त्या बॅकअपचंच उरलेलं काम आहे.

मग डिस्कवर आज काही ठेवावं का? निवडक गोष्टी, हो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा जोडून ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्कही अशा हल्ल्यात जाते हे लोकांना कळलं. एकदाच राईट होणाऱ्या डिस्कवर कुणालाच काही बदलता येत नाही, मालकालाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, या जुन्या नियमातलं दुसरं माध्यम म्हणून ब्लू-रे चांगली. राईट झाल्यावर व्हेरिफाय करायचा कंटाळा करू नये, डिस्क काठोकाठ भरू नये, कारण कडेचा भाग आधी बिघडतो, आणि कागदी स्टिकर तर चुकूनही लावू नये. नाव लिहायचं तर पाण्याच्या शाईने, मधल्या पारदर्शक कड्यावर.

जुन्या डब्याचं काम मात्र याआधीचं. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह अजून मिळतो. एका ड्राइव्हवर न उघडलेली डिस्क दुसऱ्यावर पुष्कळदा उघडते, म्हणून पहिल्या एररला ती फेकू नये. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आधी वाचता येतं ते सगळं उचलतो, मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि दोन ड्राइव्हवरच्या प्रयत्नांतून एकच प्रत जुळवता येते.

डब्यातली पहिली डिस्क कुठली घ्यायची, याचं उत्तर रचनेतच आहे. स्टुडिओवाल्यांनी दिलेली लग्नाची सीडी बहुधा व्हीसीडी असते, आणि व्हीसीडीत जास्त वेळाचं चित्रण मावावं म्हणून फाइलींच्या सीडीतलं ते दुसरं संरक्षण काढून टाकलेलं असतं. तिथे दर २३५२ बाइटमध्ये २०४८ ऐवजी २३२४ बाइट चित्रणाचे भरलेले असतात. म्हणजे त्याच डब्यातला प्रबंध अजून शाबूत असताना लग्न आधी जाईल. ती उतरवून घ्या, आणि एरर आलीच तर स्टुडिओला फोन करून मूळ कॅसेट ठेवली आहे का ते विचारा.