आंबणे, सडणे आणि किण्वन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात धान्य अथवा गूळ पाण्यात ठेवून त्यात पालट घडू देण्याच्या क्रियेस दोन शब्द आढळतात. स्वयंपाकघरात ती क्रिया 'आंबणे' ठरते, तर हातभट्टीवर 'सडणे'. ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर भिजवून शिजविले की आंबील होते. गूळ, पाणी व नवसागर यांचे मिश्रण पिंपात फसफसू लागले की त्यास सडवा म्हणतात, आणि पंचनाम्यात तोच सडवा 'कच्चे रसायन' होऊन अवतरतो. एका शब्दात आंबटपणा आहे, दुसऱ्यात नासाडी. साखरेचे मद्यार्कात होणारे रूपांतर मात्र दोहोंपैकी एकाही शब्दात नाही. अमेरिकेत हौसेने घरी केल्या जाणाऱ्या 'अंबर एल' या बीअरची कृती मराठीत सांगू लागले की ही उणीव ध्यानात येते.

'मॉल्ट' या शब्दापाशी वस्तुतः अडण्याचे कारण नाही. अकोले तालुक्यात नागलीचे सत्त्व करताना धान्य भिजवून फडक्यात बांधतात, मोड आले की वाळवितात व दळतात. जव घेऊन मोड आणून वाळविले की मॉल्ट झाले. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरे निर्माण होतात. वाळविल्याने कोंभाची वाढ खुंटते, विकरे टिकतात. वैदिक वाङ्मयात सौत्रामणी यागातील सुरेच्या संदर्भात मोडाच्या जवास 'तोक्म' हा शब्द येतो. तो मराठीत उतरला नाही. अंबर एलमध्ये बहुतांश फिकट मॉल्ट व थोडा कॅरॅमल मॉल्ट असतो. हा दुसरा प्रकार करताना मोडाचे जव ओले असतानाच तापवितात. दाण्यातच साखर होऊन ती पुढे काकवीसारखी तांबूस होते, आणि पेयाचा रंग येतो तो मुख्यतः तिच्यामुळे. मॉल्टची भरड ६५ ते ६८ अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात तासभर ठेवून गोड पाणी गाळून घेतात. 'गाळणे' हा शब्दही येथे जपूनच वापरावा लागतो. 'दारू गाळणे' म्हणजे ऊर्ध्वपातन. बीअर केवळ चाळणीतून गाळली जाते, भट्टीला तेथे काम नाही.

हे गोड पाणी तासभर उकळताना त्यात हॉप नावाच्या वेलीची मादी फुले घालतात. ही वेल भांगेच्या कुळातील असून भारतात हिमाचल प्रदेशातील लाहूल भागात तिची लागवड झालेली आहे. आरंभी घातलेल्या फुलांतील राळेपासून उकळीत कडूपणा येतो; अखेरच्या काही मिनिटांत घातलेल्या फुलांचा सुवास टिकतो. अमेरिकी धाटणीच्या बीअरचे वैशिष्ट्य या सुवासात आहे. तेथे १९७२ साली प्रसृत झालेल्या कॅस्केड जातीच्या फुलांना पपनसाच्या सालीची आठवण करून देणारा वास असतो. तथापि हॉपचे आणखी एक कार्य शब्दाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. आंबील ज्या वर्गातील जिवाणूंमुळे आंबट होते, त्यांपैकी बहुतेकांना हॉपमधील कडू द्रव्ये आवर घालतात. म्हणजे हॉपयुक्त बीअर हे आंबू न देता सिद्ध केलेले पेय होय; तिला 'आंबवलेले पेय' म्हटले की अर्थ नेमका उलटा होतो.

उकळलेले पाणी १८ ते २० अंशांपर्यंत निववून त्यात यीस्ट घालतात. सुमारे दोन आठवड्यांत यीस्ट साखरेचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड करते. मद्यार्काचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास राहते. मद्य घडविणाऱ्या या बीजद्रव्यास संस्कृतात 'किण्व' असे नाव होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष प्रकरणात तांदूळ व किण्व यांपासून करावयाच्या 'मेदक' या मद्याची कृती आहे. 'किण्वन' ही संज्ञा त्याच शब्दावरून बनली असून ती आंबटपणा व कुजणे या दोहोंपासून मुक्त आहे. बोलीत ती रुळलेली नाही, हे खरे.

त्याच प्रकरणात गृहस्थांना विशेष प्रसंगी घरी श्वेतसुरा करण्याची मुभा दिलेली आहे. अमेरिकेत घरगुती बीअरला संघराज्याच्या कायद्याने १९७८ मध्ये मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात मात्र मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) याखाली परवान्यावाचून मद्य करणे गुन्हा आहे. त्यामुळे वरील कृती येथे शब्दांपुरतीच घ्यावयाची.

राहता राहिले 'अंबर'. मराठीत त्याचे परिचित अर्थ आकाश व वस्त्र हे संस्कृतातील. सुगंधी द्रव्य हा तिसरा अर्थ अरबीतून आलेला. तोच अरबी शब्द युरोपीय भाषांतून इंग्रजीत गेला आणि तेथे पिवळसर तांबूस अश्मीभूत राळेचे नाव झाला. त्या राळेस संस्कृतात 'तृणमणि' म्हणतात. 'तृणमणी एल' हे नाव कोणास रुचेल असे वाटत नाही. आणि 'अंबर एल' वाचून मराठी वाचकास प्रथम आकाश आठवले, तर तो दोष त्याचा नव्हे.